दिल्ली ते लेह, आणि दारापासून खाटेपर्यंत

लेहहून आल्यापासून गिरणीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पिशवी खाली ठेवायच्या आधी एकच विचारतंय, "मंगलवैनी, किती लांब हाय ओ त्ये?" सांगून सांगून माझा घसा बसायची वेळ आली. आणि माझा घसा बसणं ही काही साधी गोष्ट नव्हे. शाहूपुरीच्या गल्लीत आमची गिरण. एका बाजूला ज्वारी-गव्हाची चक्की, दुसऱ्या बाजूला मिरची कांडायचा डंक. दोन्ही सुरू असली की गिऱ्हाईक ओरडतं, "वैनी, जाड काढा!" आणि मी त्याच्या वरताण ओरडते, "व्हय, कळलंय!" लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. आता घरात जेवताना मी मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन येते. तेव्हा म्हटलं, घसा फोडण्यापेक्षा लिहूनच काढावं. ज्याला विचारायचं त्यानं वाचावं आणि गुमान दळण घेऊन जावं.

तर लेहला आमची प्राजू असते. प्राजू म्हणजे माझी एकुलती लेक. जावई बसवराज रस्ते आणि पूल बांधणाऱ्या खात्यात इंजिनिअर, त्यांची तिकडं बदली झाली. आणि त्यांची लेक गिरिजा, माझी नात. पहिलं बाळंतपण माहेरी, या आपल्या रीतीप्रमाणं ती इथंच कोल्हापुरात झाली. सहा महिने मी तिला पायावर घेऊन न्हाऊ घातलं, शेक-शेगडी केली, टाळू भरली. मग ती गेली तिकडं. आता दोन वर्षं उलटून गेली पोरीला, आणि मधल्या काळात भेट फक्त फोनवर, चेहरा बघत बोलायचं तेवढीच.

आणि तिथंच सगळी गोची. मी फोन हातात घेऊन प्रेमानं म्हणायचं, "काय गं माझे बाये, जेवलीस का?" आणि पोरीनं किंचाळून फोन टाकून आईच्या मागं दडायचं. दर वेळेला. प्राजू म्हणायची, "आई, जरा हळू बोल की गं." अहो, मी हळूच बोलत होते! उलट आमच्या विहीणबाई, जावयांची आई. त्या गडहिंग्लजच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला लागून गाव, घरात गुळाचा व्यापार. मराठी आणि कानडी दोन्ही बोलतात, पण दोन्ही इतकं हळू की समोरच्यानं वाकून ऐकावं लागतं. त्या फोनवर नुसतं म्हणायच्या, "बा कूसू, बा," म्हणजे ये बाळा, ये. की गिरिजा फोनच्या काचेला गाल लावायची. ते बघून माझ्या पोटात डंक सुरू व्हायचा. ज्या पोरीला मी हातानं न्हाऊ घातलं, ती मला भ्यायची. कुणाला सांगितलं नाही, पण डंकाच्या आवाजात रडून घेतलंय मी. तिथं रडलेलं कुणाला ऐकू येत नाही, आणि डोळे लाल झाले तर मिरचीवर ढकलता येतं.

जावयांनी फोन केला. "मामी, तुम्ही आणि अव्वा दोघी जोडीनं या." अव्वा म्हणजे त्यांची आई, आमच्या विहीणबाई. मी विचारलं, "किती लांब हाय?" ते म्हणाले, "दिल्लीपासून रस्त्यानं मनालीवरून आलात तर हजारभर किलोमीटर, दोन-तीन दिवस, मधे मोठमोठ्या खिंडी. विमानानं सव्वा तास."

"सव्वा तास?" मला हसूच आवरेना. माझं माहेर शाहूवाडी तालुक्यातलं. कोल्हापूर ते मलकापूर एसटीला तेवढाच वेळ लागतो! मालकांना म्हटलं, तुम्ही गिरण सांभाळा, मी मलकापूरला जाऊन आल्यागत जाऊन येते. समोरासमोर गेले की पोरगी येईलच माझ्याकडं. रक्त हाय की!

दिल्ली

कोल्हापूर ते दिल्ली रेल्वेचं काही सांगत नाही. दशम्या, दही, चटणी, झोप, परत दशम्या. दिल्ली आली.

विमानतळावर पोचलो तेव्हा उजाडत होतं. दोघींचं मिळून सामान बघितलं असतंत तर वाटलं असतं लेहला दुकान टाकायला चाललोय. त्यांचा गूळ, होळग्या म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, शेंगाची चटणी. माझी कांदा-लसणाची चटणी, भडंग, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोतिबाचा प्रसाद. डोंगरावर जाऊन खास आणलेला, गुलालाची पुडी आणि खोबऱ्याच्या वाट्या. माझा बेत पक्का होता. दारात पाऊल टाकायचं, गिरिजाच्या कपाळाला गुलाल लावायचा, हातात खोबऱ्याचा तुकडा द्यायचा. देवाचा प्रसाद घेऊन आलेल्या आजीला कोण भिईल?

सामान द्यायच्या जागी काउंटरवरच्या मुलीनं एक पाटी पुढं सरकवली. त्यावर चित्रं होती. बंदूक, बॉम्ब, काडेपेटी, गॅसची टाकी. यातलं काही हाय का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "न्हाय ओ, आम्ही देवाची माणसं." मग विहीणबाईंनी माझी बाही ओढली आणि पाटीच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं खोबऱ्याची वाटी! बंदुकीच्या पंगतीला! कोल्हापूरचं माणूस देवाला जाऊन आलं तर त्याच्या खिशात सुद्धा सापडेल अशी वस्तू.

"मॅडम, सूखा नारियल नहीं जाएगा. तेल होता है इसमें, आग पकड़ सकता है."

"अगं बाई, ये हमारे देव का परसाद है," मी म्हटलं. "इसको कैसी आग लगेगी? आग तो हमारे चटणी को है!"

"चटनी चेक-इन में चलेगी, मॅडम. नारियल नहीं."

म्हणजे बघा, ज्या चटणीनं माणूस पेटतं ती चालते, आणि खोबरं चालत नाही. मी आणखी बोलणार होते, पण मागं रांग तुंबली. आता करायचं काय? तिथं एक मोठा डबा होता, लोक त्यात बाटल्या न् काय काय टाकत होते. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "डब्यात टाकायचं न्हाई हं मंगलताई. देवाचं हाय. वाटूया."

आणि काय सांगू, मला हुरूपच आला. ढकलगाडीच्या लोखंडी दांड्यावर मी एक वाटी आपटली. फुटली. दुसरी आपटली. आणि सवयीनं तोंडातून निघालं, "जोतिबाच्या नावानं चांगभलंऽऽ!"

अख्खा विमानतळ वळून बघायला लागला. एक बंदूकवाला शिपाई धावत आला. मी त्याच्या हातावर तुकडा ठेवला. तो बिचारा तुकड्याकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय. "माताजी, धीरे. एअरपोर्ट है." पण तुकडा त्यानं खिशात टाकला, मी बघितलं. मागच्या सरदारजींनी दोन्ही हात पुढं करून घेतला, कपाळाला लावला. एका गोऱ्या बाईनं पर्समध्ये ठेवला, तिला काय वाटलं कोण जाणे. आणि लांबच्या रांगेतून एक पोरगं जोरात ओरडलं, "चांगभलं!" कोण तर सांगलीचा निघाला. पळत आला, दोन तुकडे घेऊन गेला. विहीणबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसत होत्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

विमानात बसल्यावर मात्र माझ्या ध्यानात आलं की गिरिजाच्या हातात द्यायला आता काही उरलं नाही. माझा बेत दिल्लीच्या लोकांनी खाल्ला.

हवेत

उडताना विहीणबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या. "शिवा शिवा, शिवा शिवा." मला खिडकी मिळालेली. आधी नुसती धुरकट जमीन, मग हिरवे डोंगर. मी म्हटलं, हे तर आपल्या आंबा घाटासारखंच. एक पोळी खाऊन होते न होते तोवर सगळं पांढरं.

खरं सांगते, मी गप्प झाले. गिरण बंद झाल्यावर जशी एकदम शांतता वाटते तसं झालं. डोंगरामागं डोंगर, त्यामागं डोंगर, माणसाचं घर नाही, झाड नाही. शिखरांवर बर्फ असा बसलेला, जसं संध्याकाळी आमच्या गिरणीतल्या फळ्यांवर पीठ बसतं. विमान इतक्या जवळून जात होतं की मला वाटलं, हात बाहेर काढला तर पांढरा होऊन येईल.  मी विहीणबाईंना खिडकीकडं ओढलं. त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, मग माझं मनगट सोडलं आणि खिडकीला हात जोडले.

चहा पिऊन झाला नाही तोवर विमान तिरकं झालं आणि दोन डोंगरांच्या मधून खाली उतरायला लागलं. मलकापूरची गाडी आत्ता कुठं बांबवडं सोडत असती. एसटीत कसं, माणूस हळूहळू पोचतं. मधे थांबा येतो, शेंगदाणेवाला येतो, हवा बदलते, कान बदलतात. इथं शरीर उचलून ठेवल्यासारखं ठेवलं. आपला श्वास दिल्लीलाच राहिलाय, हे त्या वेळी मला कुठं ठाऊक होतं?

लेह

लेहच्या विमानतळावर कर्ण्यावरून बाई सांगत होती की तुम्ही फार उंचावर आलाय, दोन दिवस विश्रांती घ्या, धावपळ करू नका. मी हसले. लाल मातीत लोळलेल्या पैलवानांच्या गावची आम्ही, आम्हाला विश्रांती? आकाश इतकं निळं की डोळे चुरचुरत होते. चारी बाजूंना उघडे-बोडके डोंगर, आणि मधेच पोपटी झाडांची एक रेघ. उन्हात चटका आणि सावलीत हुडहुडी. असलं ऊन आमच्या मिरच्या वाळवायला मिळालं तर काय बहार होईल!

जावई घ्यायला आले होते. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी बजावलं, "मामी, अव्वा, नीट ऐका. दोन दिवस पडून राहायचं. आंघोळ नाही, जिना चढउतार नाही, जास्त बोलायचं नाही. आणि गिरिजाला उचलून घ्यायचं नाही."

"हौद्री," म्हणजे होय जी, एवढंच विहीणबाई म्हणाल्या आणि गप्प बसल्या.

मी म्हटलं, "व्हय व्हय." पण मनात म्हटलं, हे काय नातीला न उचलायचं! कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला तपासून पाठवलंय, धडधाकट हाय मी.

घर एका लडाखी बाईंच्या मालकीचं, वरच्या मजल्यावर प्राजूचं बिऱ्हाड. गाडी थांबली. वर बघते तर जिन्याच्या टोकाला प्राजू, आणि तिच्या हाताला धरून गिरिजा. लाल टोपी, गालांवर लाली, नाक माझ्यासारखं बसकं. मग मला कसलं भान राहतंय? जावई "मामी, मामी" करत राहिले, मी तो जिना धावत चढले आणि दोन्ही हात पसरून ओरडले, "आले गं माझी बायऽऽ!"

गिरिजानं असा हंबरडा फोडला की खालच्या लडाखी बाई बाहेर आल्या. ती आईच्या पायांत घुसली, तोंड लपवलं. आणि त्याच क्षणाला माझ्या डोळ्यांपुढं डोंगर गोल फिरायला लागले. श्वास घ्यायला बघते तर येतच नाही. छातीत भाता नुसता हलतोय, हवा नाही. मी शेवटच्या पायरीवर मटकन बसले. विहीणबाई खालून एकेक पायरी, थांबत, टेकत वर आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

खाट

खोलीत दोन खाटा शेजारी-शेजारी. एकीवर मी, दुसरीवर विहीणबाई. जावयांच्या ओळखीचे डॉक्टर आले, नळीनं थोडा वेळ ऑक्सिजन दिला, म्हणाले की घाबरायचं कारण नाही, पण पडून राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद! प्राजू हसली. रागावून नव्हे, पण हसली.

बोटाला चिमट्यासारखं लावायचं एक यंत्र असतं, रक्तात हवा किती ते आकड्यात दाखवतं. माझ्या बोटाला लावलं, अठ्ठ्याहत्तर. विहीणबाईंच्या लावलं, चौऱ्याऐंशी. आता कोल्हापूरच्या माणसापुढं आकडा ठेवला की ईर्षा आलीच. मी उताणी पडून नाकानं जोरजोरात श्वास ओढायला लागले. दुपारी परत लावलं, माझे ऐंशी, त्यांचे शहाऐंशी. "तुम्ही काय खाऊन आलाय ओ?" मी कुजबुजले. त्या म्हणाल्या, "मी काई खाल्लं न्हाई. मी गप्प बसलो." त्यांच्या तिकडच्या बायका अशाच बोलतात, आलो-गेलो-बसलो.

खालच्या लडाखी बाईंचं नाव डोल्मा. तिकडं मानानं बोलायचं तर नावाला 'ले' जोडतात, आपण बाई म्हणतो तसं, म्हणून डोल्मा-ले. त्या आमच्यासाठी मिठाचा, लोण्याचा चहा घेऊन आल्या. लोकांनी नाक मुरडलेलं मी ऐकलं होतं, पण मला सांगा, गरम कढी आपण ओरपतोच की? तसा ओरपला. त्यांची 'खंबीर' नावाची जाड भाकरी, ती चहात बुडवून खायची. नमस्कार, निरोप, धन्यवाद, सगळ्याला एकच शब्द, "जुले." आणि इतक्या हळू म्हणतात, जसं कुणी झोपलंय. त्या घरात कुणी मोठ्यानं बोलतच नव्हतं. पोरीला बिचारीला माझा आवाज म्हणजे घरात बैल घुसल्यासारखा वाटला असणार.

आणि गिरिजा? ती दारात. उंबऱ्याच्या पलीकडं बसायची आणि डोकावायची. विहीणबाईंनी "बा कूसू" म्हटलं की आत येऊन त्यांच्या खाटेला बिलगायची, पण मी बघितलं की परत दारात पळून टोपी डोळ्यांवर ओढायची. दारापासून माझ्या खाटेपर्यंत चार हात अंतर असेल. हजार किलोमीटर मी सव्वा तासात आले, आणि हे चार हात काही केल्या सरेनात. उठून जवळ जायची सोय नाही, हाक मारायला श्वास नाही. मी भिंतीकडं तोंड केलं आणि उशी ओली केली. इथं तर डंकही नव्हता आणि मिरचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर शांत होतं. विहीणबाई डोळे मिटून पडल्या होत्या, प्राजू स्वयंपाकघरात. गिरिजा दारात बसून वाळक्या जर्दाळूंची वाटी घेऊन चिवडत होती.  मी नुसती मूठ वळली, वर थोडी उघडी, खाली थोडी उघडी, आणि तोंडानं हळूच आवाज काढला, "घर्र... घर्र..." श्वास नव्हता म्हणून तो आवाज मांजर घुरघुरल्यासारखा निघाला. गिरिजानं टोपी वर केली.

"गिरण हाय ही," मी मुठीला सांगितलं, तिच्याकडं न बघता. "मिरची आत की. चटणी भाईर की." माझ्या उशाशी एक जर्दाळू होता तो मुठीत वरून घातला, घर्र घर्र केलं, खालून काढला आणि खाल्ला. "जाड दळलंय," मी म्हटलं.

ती उंबऱ्यावरून आत आली. थांबली. मी बघितलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाईकाकडं न बघता गिरण चालवत होते. घर्र, घर्र. आणखी दोन पावलं. मग माझ्या मुठीत वरून एक जर्दाळू पडला. छोटी, गार, चिकट बोटं माझ्या बोटांना लागली. सांगते, त्या वेळी ते यंत्र बोटाला असतं तर आकडा शंभराच्या वर गेला असता!

"मिर्ची आत," ती म्हणाली.

"की," मी कुजबुजले.

"आत की."

मग काय, सगळी वाटी दळून झाली. मग तिचा मोजा दळला, टोपी दळली, एक चमचा दळला. खालून प्रत्येक वस्तू निघाली की ती हसत सुटायची. मला हसायला येत होतं पण हसायला श्वास लागतो, म्हणून मी नुसती थरथरत होते, आणि ते बघून ती आणखी हसायची. शेवटी दमली, खाटेवर चढली, माझ्या पोटावर डोकं ठेवलं आणि झोपली. मी मग हललेच नाही. पायाला मुंगी आली, नाकाला खाज आली, तहान लागली. मी हलले नाही.

प्राजू दारात आली आणि तिथंच उभी राहिली. "आई..." म्हणाली आणि हळूच दार ओढून घेतलं.

भाईर

मग आम्हाला बाहेर सोडलं. श्वास जागेवर आला होता. लेहचा बाजार बघितला. भाजी विकणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेला ओळीनं बसलेल्या, अगदी आपल्या मंडईत बसतात तशा, फक्त कुणी ओरडत नाही! नुसत्या बसतात. "असं कसं विकलं जातं ओ?" मी विहीणबाईंना विचारलं. तरी टोपल्या रिकाम्या होत होत्या.

सिंधू आणि झंस्कार या दोन नद्या मिळतात तिथं गेलो. दोन रंगांचं पाणी शेजारून वाहतं, मग कुठंतरी एक होतं. विहीणबाईंनी चूळभर पाणी डोळ्यांना लावलं. मी गुलालाची पुडी काढली, आम्हा दोघींच्या आणि गिरिजाच्या कपाळाला लावला. गुलाल तेवढा विमानातून आला होता ना! गिरिजानं आपला पुसून माझ्या नाकाला लावला.

चटणीचं सांगायचं राहिलं. डोल्मा-लेंना वाटी भरून दिली. त्यांनी खंबीरला भाजीसारखी थापली. मी "अहो, थोडी, थोडी" म्हणेपर्यंत घास तोंडात. आधी काही नाही. मग कान लाल, डोळ्यांना धारा, पाण्याचा तांब्या रिकामा. मला वाटलं, घर खाली करायला लावतात आता. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "जुले," आणि वाटी परत पुढं केली.

आणि गिरिजाला मी पुन्हा न्हाऊ घातलं. तिकडं जर्दाळूच्या बियांचं तेल काढतात. ते कोमट करून अंगाला लावलं, पायावर घ्यायला पोरगी आता मावत नव्हती तरी घेतलं. पण हे सगळं कुजबुजत. श्वास आला होता, पण आवाज मी गाठ मारून ठेवला होता. मनात धास्ती एकच. हिला हळू बोलणारी आजी आवडलीय. खरी आजी ऐकली तर परत पळंल.

"आई, तू बरी आहेस ना?" प्राजू दोनदा विचारून गेली.

निघताना

विमानतळावर पोचवायला सगळे आले. आत फक्त तिकीटवाल्यांनाच सोडतात, त्यामुळं दारातच निरोप. मी गिरिजाचा मुका घेतला, कानात म्हटलं, "येते गं बाय," आणि मागं न बघता आत चालू लागले. विहीणबाई हळूहळू मागून. तपासणीच्या शिपायाच्या हातात कागद दिला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आज्जेऽऽऽ!"

आवाज कसला, भोंगा! दोन वर्षांच्या पोरीच्या छातीत एवढा आवाज असतो? रांगेतली सगळी माणसं वळली. काचेच्या दाराबाहेर बापाच्या खांद्यावर बसलेली गिरिजा, तोंड लाल, मूठ वर केलेली. "आज्जेऽऽ! मिर्ची आत कीऽऽ!"

माझे पाय थांबले. आता इथून कुजबुजून काय ऐकू जाणार? मधे काच, माणसं, ढकलगाड्या. गप्प राहिले तर पोरगी उत्तराची वाट बघत राहणार. ओरडले तर... मी विहीणबाईंकडं बघितलं. त्या आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "ओरडा की ओ मंगलताई!"

मी गाठ सोडली. चक्की आणि डंक दोन्ही चालू असल्यासारखी ओरडले, "चटणी भाईर कीऽऽऽ!"

शिपायाच्या हातातला कागद पडला. काचेपलीकडं गिरिजा एक क्षण गप्प झाली. तोंड उघडंच.  आणि मग ती अशी खदाखदा हसली की बापाच्या खांद्यावरून घसरायला आली, आणि परत ओरडली, माझ्याहून मोठ्यानं. "आज्जेऽऽऽ!"

"माताजी, धीरे," शिपाई म्हणाला. पण तोही हसत होता.

विमानात मी डोळे पुसत बसले होते. विहीणबाईंनी या वेळी मनगट धरलं नाही. खिडकीतून बघत त्या हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी दुपारी मी झोपलो नव्हतो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या जाग्या असत्या तर गिरिजा नेहमीसारखी त्यांच्याकडंच गेली असती. म्हणून बाई दुपारभर डोळे मिटून पडून राहिल्या. मी त्यांचा हात धरला आणि दिल्ली येईपर्यंत सोडला नाही. 

परवा गिरणीत डंक चालू होता, चक्कीही चालू होती, आणि फोन वाजला. मी उचलून काच पुढं धरली. तिकडून गिरिजा ओरडली, इतकी की ज्वारीची पिशवी घेऊन आलेला म्हातारा दचकून मागं सरला. आम्ही दोघींनी पोटभर ओरडून घेतलं. फोन ठेवला तसं म्हाताऱ्यानं विचारलं, "मंगलवैनी, त्ये लेह का काय, किती लांब हाय ओ?"

"लांब कुठलं," मी म्हटलं, "हाक मारली की ऐकू येतंय." आणि त्याची ज्वारी चक्कीत ओतली.